साफ करून द्यायची वस्तू

मिस्त्रींच्या धंद्याचा एक नियम होता आणि तो त्यांनी आजवर मोडला नव्हता. मालकाच्या हाती वस्तू द्यायची ती आतून साफ करूनच. लाँड्रीवाल्यानं नुसता वॉशर बदलायला बोलावलं, तरी मिस्त्री बॉयलरचं झाकण काढून आत टॉर्च मारायचे. नळ्यांवर क्षारांचा पांढरा थर दिसला की तोंड वाकडं करायचे आणि ॲसिडचं पाणी भरून ठेवून द्यायचे. लाँड्रीवाला बोंबलायचा, की गिऱ्हाइकं खोळंबलीत. मिस्त्री ढिम्म. ॲसिड मुरू द्यावं लागतं, मुरतंय तोवर पाणी सोडायचं नाही, आणि मग नळ उघडल्यावर गढूळ पाणी आलं की समजायचं, घाण सुटली. गढूळ पाणी बघून एवढा हरखणारा माणूस अख्ख्या शहरात दुसरा नसेल.

अशा माणसावर स्वतःची किडनी द्यायची वेळ आली. सगळा घोळ झाला तो तिथून.

किडनी हवी होती बारकीला. बारकी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. चाळिशी उलटली तरी घरात ती बारकीच. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. शेजारच्या सीटवर बसून, पायाशी असलेल्या जादा ब्रेकवर पाय ठेवून ती शिकाऊ लोकांना फैलावर घ्यायची. "आरसा बघा, आरसा! तो काय भांग पाडायला दिलाय?" तिच्या हाताखाली शिकलेले लोक पुढे कधी धडकले नाहीत म्हणतात. धडकायची हिंमत कुणाची होणार?

पण दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्या बसल्या. तेव्हापासून एक दिवसाआड दवाखान्यात जायचं, हाताच्या शिरेत सुया टोचून घ्यायच्या आणि पलंगावर पडून राहायचं. शेजारचं यंत्र तिचं रक्त ओढून घ्यायचं, धुवायचं आणि परत आत सोडायचं. लघवी जवळजवळ बंद झाली होती, त्यामुळे पाण्यावर बंधन. दिवसभरात मोजके घोट, बस्स. भर उन्हातून आलेल्या बाईनं ओठ तेवढे ओले करायचे आणि पेला खाली ठेवायचा. मिस्त्री तिच्याबरोबर यायचे, यंत्र चालू असेपर्यंत उशाशी खुर्ची टाकून बसायचे, आणि घशाला कितीही कोरड पडली तरी पाण्याला तोंड लावायचे नाहीत. तिच्यासमोर पाणी पिणं त्यांना उपाशी माणसापुढे ताट वाढून घेण्यासारखं वाटायचं. हे तिच्या लक्षात आलंय का, ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी कधी विचारलंही नाही.

भावाचं रक्त बहिणीशी जुळलं तेव्हा दोघंही दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले होते. मग मिस्त्रींच्या बाकीच्या तपासण्या झाल्या. किडनीच्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या, पण त्याही खुशीत दिसल्या.

"तब्येत ठणठणीत आहे तुमची. डाव्या किडनीत वाळूच्या कणाएवढं काहीतरी दिसतंय. क्षार असावा. पण त्याची काळजी नको, बऱ्याच लोकांना असतो. आम्ही डावीच घेऊ."

"म्हणजे क्षारवाली बारकीला देणार?"

"अहो, एवढासा कण. चालतं ते."

चालतं! मिस्त्रींचं तोंड एवढंसं झालं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नळ्या घासल्या आणि सख्ख्या बहिणीला द्यायची नळी निघाली ती क्षार साचलेली. बायकोला त्यांनी घरी आल्यावर हे सांगितलं. ती कणीक मळत होती. ती म्हणाली, "डॉक्टरांना चालतंय ना? मग तुमचं काय मधेच?" तिच्या दृष्टीनं विषय संपला होता. मिस्त्रींच्या डोक्यात तो घर करून बसला.

त्यातच बारकीला छातीचा संसर्ग झाला आणि ऑपरेशन पुढे गेलं. ती पुरती बरी होईपर्यंत काही महिने थांबा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मिस्त्रींना वाटलं, चला, कामाला वेळ मिळाला.

काम करायचं कसं, ते त्यांना दवाखान्यातच दिसलं. बारकीच्या सुया काढल्या, तिला बाहेर बसवलं, आणि यंत्रं सांभाळणाऱ्या बाईंनी यंत्राला एक डबा जोडला. ओळखीचा आंबूस वास आला तशी मिस्त्रींनी मान वर केली.

"काय सोडताय आत?"

"सायट्रिक ॲसिड. आतल्या नळ्यांमध्ये कॅल्शियम साचतं ना, ते निघून जातं."

मिस्त्री जागच्या जागी उभे राहिले. त्यांचंच औषध! लाँड्रीच्या बॉयलरला ते घालायचे, उपाहारगृहाच्या कॉफीच्या यंत्राला घालायचे, तेच. आणि हे यंत्र तरी काय करतं? किडनीचं काम. किडनीचं काम करणाऱ्या यंत्राला ॲसिड चालतं, तर खुद्द किडनीला का चालू नये? विचार असा सरळ रेषेत आला, की त्यात कुठे खोट असेल असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. बॉयलरचं ॲसिड प्यायला ते काही खुळे नव्हते. ते औषधाच्या दुकानात गेले आणि माणसाच्या पोटात जाईल असं ॲसिड मागितलं. दुकानदारानं आधी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. मग हसून संत्र्याच्या चवीच्या गोळ्यांची बाटली पुढे केली. व्हिटॅमिन सी. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ॲस्कॉर्बिक ॲसिड.

"जास्त झाल्या तर?" मिस्त्रींनी विचारलं.

"काही नाही होत. जास्तीचं लघवीतून निघून जातं."

मिस्त्रींना हेच तर हवं होतं. लघवीतून, म्हणजे किडनीतूनच की! त्यांनी एकदम मोठी बाटली घेतली.

तेव्हापासून सकाळी मूठभर गोळ्या चघळायच्या आणि दुपार टळेपर्यंत पाणी प्यायचं नाही, असा क्रम सुरू झाला. ॲसिड मुरायला नको? संध्याकाळी मात्र तांब्यावर तांब्या रिचवून सगळं धुऊन काढायचं. एक छोटी डबी खिशात असायची. बारकीच्या उशाशी बसल्यावर तहान लागली, की त्यातली एखादी तोंडात टाकायची. तोंडाला पाणी सुटायचं आणि तहानही मरायची. बायकोला वाटायचं, सिगारेट सुटल्यापासून यांना काहीतरी चघळायला लागतं. मिस्त्रींनी कुणापासून काही लपवलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच त्यांना वाटलं नाही.

बारकी बरी झाली. ऑपरेशनचं ठरवायच्या आधी पुन्हा रक्त तपासलं, आणि डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला.

"रक्तात घाण वाढलीय तुमच्या. किडनी नीट गाळत नाहीये. परत तपासू. कदाचित प्रयोगशाळेची चूक असेल."

परत तपासलं. चूक नव्हती. उलट आकडा आणखी वर गेला होता.

"काही औषधं चालू आहेत?"

"छे."

"अंगदुखीच्या गोळ्या? झाडपाल्याचं काही? ताकद यायची पावडर?"

"सर्दीलासुद्धा गोळी घेत नाही मी," मिस्त्री अभिमानानं म्हणाले, आणि ते त्यांच्या परीनं खरंच बोलत होते. साफसफाईला कुणी औषध म्हणतं का?

डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या. घरचे घाबरले. मिस्त्री तेवढे मनातून हरखले होते. घाण वाढली म्हणजे घाण सुटली! गढूळ पाणी यायला लागलं! नळीला चिकटलेलं रक्तात आलं, आता वाहून जाईल. त्यांनी गोळ्या वाढवल्या. काम अर्ध्यावर सोडणारा माणूस नव्हे तो.

पण पुढच्या खेपेला आकडा उतरला नाही. त्याच्याही पुढच्या खेपेला नाही. आता मिस्त्रींचंही डोकं चालेनासं झालं. बॉयलर कितीही जुना असला तरी दुसऱ्या-तिसऱ्या धुण्याला पाणी निवळतं. इथे जितकं धुवावं तितकं गढूळ. जेवणावरची वासना गेली, पावलं सुजली, जिना चढताना धाप लागू लागली. कुठे चुकतंय, हे काही केल्या कळेना. थर फारच जुना असेल? की ॲसिड कमी पडतंय? त्यांच्या माहितीत तिसरं कारणच नव्हतं.

तिकडे बारकीची सुया टोचायची शीर थकत चालली होती. यंत्रं सांभाळणाऱ्या बाई दर खेपेला त्या शिरेवर बोट ठेवून बघायच्या आणि दुसरी जागा शोधायच्या. बारकी विचारायची, "दादा, तारीख दिली का रे?" मिस्त्री म्हणायचे, "देतील, देतील. माझं थोडं काम बाकी आहे." काय काम, ते तिनं विचारलं नाही. तिला वाटलं असेल, लाँड्रीचं.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी किडनीचा तुकडा काढून तपासायचं ठरवलं. पाठीतून सुई घालून काढतात तो. त्याचा पुरता निकाल यायच्या आत, पहिली झलक बघूनच त्यांनी नवरा-बायकोला बोलावून घेतलं. त्यांचा आवाज बदललेला होता.

"मिस्त्री, तुम्ही कामावर रसायनं वापरता. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात तो कूलंट कधी पोटात गेलाय का? चुकून? बाटलीची अदलाबदल होऊन?"

"कूलंट? मी कशाला पिऊ?"

"आणि घरात... पालेभाजी, बीट फार होतं का?"

बायकोचा पारा चढला. "म्हणजे माझ्या हातचं खाऊन झालंय का हे?"

त्या संध्याकाळी तिनं न्हाणीघराच्या माळ्यावरचे मिस्त्रींचे सगळे डबे, कॅन, बाटल्या दाराबाहेर काढल्या. सकाळी पालकही बंद झाला. जेवताना ती नवऱ्याच्या ताटाकडे अशी बघायची, की विष दुसऱ्याच कुणी घातलंय आणि नाव मात्र तिच्यावर येणार आहे. मिस्त्री घास फिरवत बसायचे. कुणीतरी आपल्याला काहीतरी पाजतंय असं डॉक्टर म्हणतात. पण कोण? ते घरातल्या प्रत्येक पेल्याचा वास घेऊ लागले. संत्र्याच्या गोळ्यांची बाटली तेवढी खिडकीत होती तिथेच राहिली. तिच्यावर कुणाचा संशय जाणार? ती तर औषधाच्या दुकानातून आणलेली.

निकाल आला त्या दिवशी बायको आत आली नाही, खाली बारकीजवळच थांबली. तिनं सांगून टाकलं होतं, मला परत त्या भाजीबद्दल विचारलं तर मी काहीतरी बोलून बसेन. मिस्त्री एकटेच आत गेले. डॉक्टरीणबाईंनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. काळ्याभोर पार्श्वभूमीवर काचेचा चुरा सांडावा तसे चमकते तुकडे पसरले होते.

"ही तुमच्या किडनीतली नळी. हे स्फटिक. ऑक्झलेटचे. कूलंट पोटात गेला किंवा पालक, बीट फार झालं तरी होतात, म्हणून तेव्हा विचारलं. हे असे गच्च भरलेत आत."

मिस्त्रींनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. क्षार! इतका? एका कणाचा एवढा पसारा झाला, तोही रोज धूत असताना? त्यांच्या घशाला कोरड पडली. हात आपोआप खिशात गेला. डबी निघाली, दोन गोळ्या तोंडात गेल्या, आणि समोर कुणी बसलंय याचं भान येऊन त्यांनी डबी पुढे केली.

"घ्या ना. आंबट आहेत."

डॉक्टरीणबाईंनी डबी घेतली. वास घेतला.

"हे काय आहे?"

"गोळ्या. साफसफाईच्या."

"कसली साफसफाई?"

मग मिस्त्रींनी सगळं सांगितलं. तो कण, यंत्राला जोडलेला ॲसिडचा डबा, मुरवणं, गढूळ पाणी. सांगताना त्यांना बरंच वाटत होतं. कामातली खुबी जाणणारं कुणीतरी एकदाचं भेटलं. डॉक्टरीणबाईंनी मधे एकदाच विचारलं, रोज किती. मिस्त्रींनी मूठ दाखवली. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"मिस्त्री, थोड्या गोळ्यांनी काही होत नाही. पण इतक्या खाल्ल्या, की शरीर त्यातल्या काहींचं ऑक्झलेट बनवतं. तेही किडनीतूनच बाहेर पडायला बघतं. तिथे त्याला कॅल्शियम भेटलं, की दोघांचे मिळून हे स्फटिक. वरून तुम्ही पाणी तोडलंत. मग ते वाहून जाणार कसे?"

"म्हणजे जो थर मी काढत होतो..."

"तो तुम्हीच घालत होता."

मिस्त्री पडद्याकडे बघत राहिले. शब्द कळत होते, पण एकाला एक जोडता येत नव्हते. ॲसिडनं थर चढतो? तीस वर्षांत असा बॉयलर त्यांनी पाहिला नव्हता.

"आणि नुसतं साचून भागलं नाही," बाई म्हणाल्या. "हे टोकदार असतात. नळीच्या आतल्या पेशींना टोचतात. शरीराला वाटतं, शत्रू शिरला. मग रक्तातल्या लढणाऱ्या पेशी धावून येतात, सूज येते. स्फटिक तर त्यांना दाद देत नाही. सगळा मार नळ्यांना बसतो. हा पांढरट भाग दिसतोय? इथे आता वण पडलाय. इथली नळी परत यायची नाही."

"बॉयलरला सूज येत नाही," मिस्त्री म्हणाले.

"बॉयलर लोखंडाचा असतो. लोखंड चिडत नाही."

गोळ्या आजपासून बंद, सूज उतरायचं औषध सुरू, आणि पाणी दिवसभर, थोडं थोडं, पण थांबायचं नाही, असं त्यांनी बजावलं. बरंचसं सुधारेल, म्हणाल्या. सगळं नाही. मिस्त्रींनी विचारायचं ते विचारलं.

"आणि बारकीला?"

डॉक्टरीणबाईंनी पडदा आपल्याकडे वळवून घेतला. "तुमची किडनी आता कुणालाच देता येणार नाही. तिचं नाव वाट बघणाऱ्यांत घालू."

मिस्त्री बाहेर आले तेव्हा त्यांना कुठे जायचं ते आठवेना. लिफ्टनं ते भलत्याच मजल्यावर उतरले, तिथे बाळंतिणींच्या नातेवाइकांत थोडा वेळ बसून राहिले, मग जिन्यानं खाली आले. खालच्या मजल्यावर बारकी यंत्राला जोडलेली होती. शेजारी बायको होती. नवऱ्याचा चेहरा पाहून ती उठली. पाण्याची मोठी बाटली त्यांच्या पिशवीत सरकवली. डॉक्टरीणबाईंनी तिला फोन करून पाण्याचं तेवढं सांगितलं होतं. मग ती बाहेर जाऊन बसली.

मिस्त्री नेहमीच्या खुर्चीवर टेकले आणि बारकीला सगळं सांगितलं. सांगताना त्यांचंच त्यांना पटत नव्हतं. आता हे सगळं एखाद्या खुळ्यानं केल्यासारखं वाटत होतं, आणि करताना तर पावलापावलाला बरोबर वाटलं होतं. बारकी छताकडे बघत ऐकत होती. यंत्राची चाकं फिरत होती. नळीतून तिचं रक्त जात होतं, येत होतं.

"पण का, दादा?" ती शेवटी म्हणाली. "त्या डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं ना, चालतंय म्हणून?"

"तुला मळकी वस्तू कशी देऊ?"

बारकीनं मान वळवली. तिचे डोळे भरले होते आणि आवाजात मात्र तीच शिकाऊ गाडीतली धार होती.

"तुझी सायकल मी वापरली. दप्तर तुझंच होतं, शाईचा डाग पडलेलं. तुझ्या स्वेटरच्या बाह्या दुमडून मी शाळेत गेले. कॉलेजला गेले तेव्हासुद्धा घड्याळ तुझंच. आजवर तुझी एकतरी वस्तू मी नवी घेतलीय? कधी म्हटलं, धुऊन दे?"

मिस्त्री यंत्राच्या फिरत्या चाकांकडे बघू लागले.

"मला राग आलाय," ती म्हणाली. "इतका आलाय, की उठता आलं असतं तर दिली असती एक. उद्या बोलेन. आज डोकं चालत नाहीये माझं."

"माझंही," मिस्त्री म्हणाले.

मग बारकीची नजर पिशवीवर गेली.

"ती बाटली कसली?"

"काही नाही. पाणी. डॉक्टर म्हणाल्या, सारखं पीत राहा. मी आपला बाहेर जाऊन..."

"बाहेर नाही. इथेच पी."

"बारके, तुझ्यासमोर नको गं."

"दोन वर्षं माझ्या उशाशी कोरडा बसतोस. मला कळत नव्हतं? मला वाटायचं, करू दे, त्याला बरं वाटतंय तर. तेव्हाच बोलायला हवं होतं मी." तिनं मोकळ्या हातानं त्यांचं मनगट धरलं. "काढ बाटली."

मिस्त्रींनी झाकण काढलं. एक घोट घेतला.

"अजून."

त्यांनी दुसरा घेतला. बारकी त्यांच्या गळ्याकडे टक लावून बघत होती, आणि त्यांच्या प्रत्येक घोटाबरोबर तिचाही गळा हलत होता. तिच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. मिस्त्री थांबले. बाटली खाली आली.

"थांबू नकोस," ती म्हणाली. "एक तरी जोडी चालती राहू दे घरात."

मिस्त्रींनी बाटली पुन्हा तोंडाला लावली. ते रडत होते, पाणी हनुवटीवरून शर्टावर सांडत होतं, आणि बारकी त्यांचं मनगट सोडत नव्हती.

"सांडू नकोस," ती म्हणाली.